‘धैर्य ठेवा’ नाही हो, ‘दम धरा’!

नेरूळच्या एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या प्रार्थना ग्रुपवर रोज सकाळी ‘धैर्य ठेवा, प्रभूवर विश्वास करा, त्याच्या वेळेची प्रतीक्षा करा’ असा मेसेज येतो, तर पेशन्सला मराठीत नेमकं काय म्हणायचं, धैर्य, संयम, सहनशीलता की सबुरी? आणि सबुरी म्हटलं की काही जण ‘तो शिर्डीचा शब्द, आपल्यात नको’ म्हणतात ते बरोबर का?

ताई, आधी त्या मेसेजचा समाचार घेऊ, कारण हे असलं मराठी मी ठाण्यापासून बेलापूरपर्यंत ऐकतोय आणि आता डोकं उठलंय. तिन्ही वाक्यं हिंदीतून जशीच्या तशी उचललेली आहेत. हिंदीत धैर्य रखिए म्हणजे जरा थांबा, मराठीत धैर्य म्हणजे हिंमत. विश्वास आपण ‘करत’ नाही, ठेवतो. आणि प्रतीक्षा कसली करता, वाट पाहा ना, दोन साधे शब्द आहेत! पंडिता रमाबाई केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या, कशासाठी, तर शाळेत न गेलेल्या बाईलाही ते कळावं म्हणून, 1922 मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत हेच काम करत होत्या, आणि आपण शंभर वर्षांनी डब केलेल्या जाहिरातीसारखं बोलतोय.

संयम, सहनशीलता यांच्यावर मी वेळ घालवणार नाही. संयम पोलीस आणि पुढारी बाळगायला सांगतात, सहनशीलता दुसऱ्या माणसाचं वागणं सोसायला लागते, आणि संकटात टिकून राहायला धीर, बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा अशी चढण आहे तिथे हाच शब्द आहे. झालं.

मला खरं बोलायचंय ते ‘दम’ ह्या शब्दाबद्दल, जो चर्चमध्ये कुणी उच्चारत नाही कारण तो रांगडा वाटतो. दम धर, दम खा, दमाने घे, त्याला दमच निघत नाही. ह्यातला दम म्हणजे श्वास, फारसीतून आलेला. दम लागणे, दमछाक, दमा, सगळी ह्याच घरातली मंडळी. काही संस्कृतप्रेमी पंडित ठासून सांगतात की हा शमदम-मधला दम, इंद्रियांचं दमन, म्हणून दम धरणे म्हणजे स्वतःवर ताबा ठेवणे. अहो, मग ‘जिना चढून दम लागला’ म्हणजे काय इंद्रियनिग्रह लागला? आणि दम ‘खाणार’ कसा, निग्रह खातात का? संस्कृतातला दम वेगळा, तो पोथीत राहिला, तोंडातला दम फुफ्फुसातूनच आलाय, ह्यात मला तिळमात्र शंका नाही.

आता हे बायबलशी कुठे जुळतं बघा. निर्गम ह्या पुस्तकात (34:6) देव इस्राएली लोकांचा पुढारी मोशे ह्याला स्वतःची ओळख करून देतो, आपल्या मराठी बायबलात तिथे ‘मंदक्रोध’, म्हणजे लवकर न रागावणारा, असा शब्द आहे. अर्थ बरोबर आहे पण मूळ हिब्रूत आहे ‘एरेख अप्पायिम’, म्हणजे शब्दशः लांब नाकाचा! हिब्रूत नाक आणि राग ह्यांना एकच शब्द, ‘अफ’, आणि त्याच्या मुळाशी फुरफुरणं आहे, रागात नाकपुड्या फुगतात ना तेच. आपल्याकडे नाही का म्हणत, तिच्या नाकावरच राग आहे. जिथे आपल्याकडे राग नाकाच्या शेंड्यावर तयार बसलेला असतो तिथे देवाचं नाक इतकं लांब की राग तिथवर पोचेपर्यंत माणसाला परत यायला वेळ मिळतो. मंदक्रोध ह्या शब्दाला काही विद्वान फार मान देतात, देवोत, पण त्यात नाक गेलं आणि नाकाबरोबर श्वास गेला, हे नुकसान त्यांना दिसत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

कारण पुढचा शब्द श्वासाचाच आहे. ‘रूआख’ म्हणजे वारा, श्वास आणि आत्मा, तिन्ही. उतावळ्या माणसाला हिब्रूत आखूड श्वासाचा म्हणतात, धीराच्या माणसाला लांब श्वासाचा. नीतिसूत्रे 14:29 मध्ये तर नाक आणि श्वास एकाच ओळीत आलेत, ज्याचं नाक लांब त्याची समज मोठी, ज्याचा श्वास आखूड तो मूर्खपणा मिरवतो. हे दमाने घेणं नाही तर दुसरं काय? हिब्रू आणि मराठी ह्यांचं भाषा म्हणून काही नातं नाही, पण घाई झाली की छातीत काय होतं हे दोघींना सारखंच माहीत आहे, आणि शब्द तिथूनच निघालेत. (स्तोत्र 37:7 मध्ये ‘दोम’ असा हिब्रू शब्द आहे, परमेश्वरापुढे शांत राहा ह्या अर्थाचा, तोच आपला दम असं एका गृहस्थांनी मला फार आत्मविश्वासाने सांगितलं. नाही. नुसता आवाज जुळतो. असल्या जुळवाजुळवीमुळेच शब्दांची चर्चा बदनाम होते.)

पुढे इसवीसनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकात यहुद्यांनी जुना करार ग्रीकमध्ये नेला तेव्हा त्या लांब नाकाचं झालं ‘माक्रोथुमोस’, माक्रो म्हणजे लांब आणि थुमोस म्हणजे आतली ऊर्मी, राग, श्वाससुद्धा. हा थुमोस आपल्या संस्कृत ‘धूम’चा सख्खा नातेवाईक, धूर ह्या अर्थाचा. मनात धुमसत राहणं म्हणतो ना आपण! गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळात जी सहनशीलता आहे ती हीच, माक्रोथुमिया.

आणि आता विश्वास. वि आणि श्वस्, मोकळा श्वास घेणे, निर्धास्त होणे, संस्कृतात हाच मूळ अर्थ. आश्वासन पण त्याच धातूचं, कुणाला पुन्हा श्वास घेता येईल असं करणे. म्हणून मी म्हणतो की दम आणि विश्वास वेगळे धडे नाहीतच, चर्चमध्ये धीरावर एक रविवार आणि विश्वासावर दुसरा रविवार असं प्रवचन करतात ते मला पटत नाही. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्यासमोरच श्वास लांब होतो.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ठाण्यात एका हॉस्पिटलमध्ये आयसीयूबाहेर आमच्या ओळखीची एक बाई बसली होती, नवरा आत. एक तरुण पास्टर आले, चांगला मुलगा, मनापासून आलेला, म्हणाले सिस्टर, धैर्य ठेवा, प्रभूची योजना आहे. ती मान हलवत राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, खांदे कानापर्यंत चढलेले. मग आमच्या पॅरिशमधल्या एक मावशी तिच्या शेजारी टेकल्या, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘दम धर गो बाय, तो हाय ना.’ आणि तिने इतका मोठा श्वास सोडला की समोरच्या बाकावरच्यांनी वळून बघितलं, त्याच्यानंतर ती रडली, तोवर रडलीही नव्हती.

म्हणून मला त्या ‘ईयोबासारखा धीर धरा’ वाल्या मेसेजचाही राग येतो, त्याच्यासोबत हात जोडून शांत बसलेल्या म्हाताऱ्याचं चित्र असतं. ईयोब, म्हणजे बायबलातला तो सगळं गमावून बसलेला भला माणूस, शांत कुठे बसला? 21व्या अध्यायात तो सरळ विचारतो की माझा श्वास आखूड का होऊ नये, म्हणजे माझा दम का निघावा! पानंच्या पानं तो देवाशी भांडतो. तरी याकोब आपल्या पत्रात (5:11) त्याच्याच धीराचं उदाहरण देतो, आणि तिथला ग्रीक शब्द आहे ‘हुपोमोने’, ओझ्याखाली टिकून राहणे. ईयोब ओरडला पण उठून गेला नाही, जे काय बोलायचं ते देवालाच बोलला. आणि निर्गम 6:9 वाचा, मोशे सुटकेचं अभिवचन घेऊन येतो आणि मिसरच्या राजाच्या, फारोच्या, गुलामीत विटा पाडून पाडून मोडलेले लोक त्याचं ऐकतच नाहीत, कारण हिब्रूत दिलंय, आखूड श्वास आणि कठीण काम. देव त्यांच्यावर रागावत नाही हो, लगेच मोशेला फारोकडे पाठवतो. लोकांचा दम संपला म्हणून सुटका थांबली नाही. ज्यांना प्रार्थनेत धाप लागते त्यांना ‘तुमचा विश्वास कमी पडतो’ असं सुनावणाऱ्यांनी हे एवढं पान वाचावं.

हां, ताई, सबुरी राहिलीच. अरबी सब्र, त्याच्यावरून फारसी सबूरी, तिथून मराठीत. अरब ख्रिस्ती लोक अरबी बायबलात ईयोबाचा धीर वाचतात तो ‘सब्र’ म्हणूनच वाचतात, तेव्हा हा शब्द एका गावाचा नाही की एका धर्माचा नाही, खुशाल वापरा. उद्याच्या मेसेजला मात्र ‘धीर धरा, प्रभूवर विश्वास ठेवा, त्याची वाट पाहा’ असं करून पाठवा, आणि ग्रुपमध्ये कुणाच्या घरी जुनं मराठी बायबल असेल तर ईयोब 21:4 मध्ये त्यांनी काय शब्द घातलाय त्याचा फोटो मला नक्की पाठवा.