गच्चीवरच्या बोर्डासाठी स्वतःची लिनक्स इमेज

प्रश्न : मुलुंडमधील आमच्या सोसायटीच्या टाक्यांतील पाण्याची पातळी खाली वॉचमनच्या केबिनमध्ये दिसावी, म्हणून मी गच्चीवर रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा मेमरी कार्डावरून चालणारा छोटा संगणक-बोर्ड बसवला आहे. पावसाळ्यात मीटर रूममधला एमसीबी (वीज तोडणारा सुरक्षा-स्विच) वारंवार पडतो आणि दोनदा कार्डावरील फाइल सिस्टिम बिघडून बोर्ड सुरूच झाला नाही. नवे कार्ड घेऊन सगळी जोडणी पुन्हा करण्यात प्रत्येक वेळी एक रविवार जातो. चालत्या कार्डाची हुबेहूब प्रत ठेवावी, की स्वतःची इमेज, म्हणजे कार्डावर उतरवायची संपूर्ण प्रणालीची फाइल, बांधावी? बांधायची तर त्यासाठीच्या साधनांपैकी योक्टो वापरावे की बिल्डरूट?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : लिनक्सच्या डीडी या नक्कल करणाऱ्या आज्ञेने काढलेली प्रत अडीअडचणीला उपयोगी पडते, म्हणून ती जरूर काढून ठेवावी; परंतु तिच्यावर विसंबू नये. ‘३२ जीबी’ असे छापलेल्या दोन कार्डांची खरी क्षमता थोडी कमी-जास्त असते, त्यामुळे मोठ्या कार्डाची प्रत दुसऱ्यावर मावत नाही. शिवाय जुने लॉग (प्रणालीच्या कामकाजाच्या नोंदी), वाय-फायचा पासवर्ड आणि एसएसएचच्या (दुरून सुरक्षितपणे बोर्डात शिरण्याच्या सोयीच्या) खासगी किल्ल्याही तिच्यात जशाच्या तशा उतरतात. मूळ दुखणे तर कायमच राहते, कारण वीज जाते त्या क्षणी कार्डावर लिहिणे चालू असणे हेच बिघाडाचे कारण आहे.

आपल्याला बिल्डरूट पुरेसे आहे. २०१० मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सुरू झालेले योक्टो हे अनेक उत्पादने वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या कंपन्यांसाठी उत्तम आहे. एका सोसायटीच्या टाक्यांसाठी तेवढा संसार मांडण्याचे कारण नाही.

बिल्डरूटची दर वर्षी फेब्रुवारीत निघणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती लिनक्स असलेल्या घरच्या संगणकावर उतरवून घ्यावी, तिच्यात या बोर्डासाठी तयार असलेली डीफकॉन्फिग (मूळ निवडींची फाइल) लावावी आणि मेन्यूकॉन्फिग या निवडीच्या पडद्यावर पायथॉन, एसएसएच असे लागेल तेवढेच निवडावे. आपली स्क्रिप्ट आणि जोडणीच्या फाइली कार्डावर हाताने न टाकता ‘रूटएफएस ओव्हरले’ नावाच्या, इमेजमध्ये जशाच्या तशा उतरणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवून तो गिटमध्ये (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) नोंदवावा. पहिल्या बांधणीत कंपायलरसुद्धा (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) तयार होत असल्याने ती बराच वेळ चालते. शेवटी एसडीकार्ड डॉट आयएमजी ही एकच फाइल हाती येते. पुढे एपीटी या आज्ञेने एखादे पॅकेज (तयार सॉफ्टवेअर) चढवण्याची सोय या प्रणालीत नसते, बदल करायचा तर इमेज नव्याने बांधावी लागते. मला ही शिस्त सोयीचीच वाटते, कारण कार्डावर काय आहे हे गिट पाहून सांगता येते.

नवशिका येथे बहुधा वाय-फायपाशी अडतो. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपचे फर्मवेअर (चिपच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) वेगळे निवडावे लागते, आणि मेन्यूकॉन्फिगमधील ‘डिव्हाइस मॅनेजमेंट’ (जोडलेली उपकरणे ओळखण्याची पद्धत) नुसत्या डेव्हटीएमपीएफएस या पर्यायावर ठेवले तर ड्रायव्हरचे मॉड्यूल आपोआप चढत नाही. तेथे मॉड्यूल चढवू शकणारा एमडेव्ह किंवा यूडेव्ह जोडलेला पर्याय घ्यावा.

आता एमसीबी पडून होणाऱ्या बिघाडावरचा उपाय. बूट होताना मूळ फाइल सिस्टिम लिहिण्यायोग्य करणारा पर्याय मेन्यूकॉन्फिगमध्ये बंद करावा, म्हणजे ती केवळ वाचण्यापुरती राहते. लॉग रॅममध्ये जाऊ द्यावेत, आणि पातळीच्या नोंदी खरोखर जपायच्या असतील तर त्यांच्यापुरते कार्डावर ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमचे छोटे वेगळे विभाजन करावे. त्यानंतर अचानक वीज गेली तरी फार तर शेवटच्या काही नोंदी गमावतील, बोर्ड मात्र सुरू होईल.

या बोर्डावर बॅटरीवरचे घड्याळ नसते, म्हणून वीज परतल्यावर नेटवर्क मिळेपर्यंत नोंदींवर चुकीची तारीख पडते. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून डीएस३२३१ या घड्याळ-चिपचे मॉड्यूल आणून जोडावे, त्याचा ड्रायव्हर आणि डिव्हाइस ट्री ओव्हरले (जोडलेल्या भागाची लिनक्सला ओळख करून देणारी फाइल) इमेजमध्ये घ्यावा, आणि बूट होताना त्यावरून वेळ लावून घेणारी एक ओळ सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घालावी.