अनुदान थेट खात्यात जमा होऊनही लहान शेतकऱ्याच्या हाती फारसं का उरत नाही?

तुमचा प्रश्न असा, की दलाल गेला, पैसे थेट खात्यात आले, मग गळती कुठे होते? बऱ्याचदा गळती नसतेच. पैसे नियमाप्रमाणे पोचतात. फक्त नियमाने शेतकरी कोणाला म्हटलंय ते बघा: जो कसतो त्याला, की ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला?

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात ढळढळीत उदाहरण अमेरिकेतलं. मंदीत कापसाचे भाव कोसळले, म्हणून १९३३ च्या कायद्याने सरकार कापूस कमी पेरण्याचे पैसे देऊ लागलं. पहिल्याच उन्हाळ्यात सुमारे १ कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकला. (पिकावर पाय द्यायचा नाही, असं जन्मभर शिकवलेली खेचरं सरीवर चालायला तयार होईनात, असं सांगतात.) भाव चढले. पण दक्षिणेत रानात राबत होते बटाईदार आणि सरकारचा करार होता जमीनमालकाशी. पेरा कमी म्हटल्यावर माणसंही कमी लागणार! कुळं शक्यतो पूर्वीइतकीच ठेवावीत, असं पुढच्या करारात लिहिलं होतं. त्या ‘शक्यतो’चा फायदा घेऊन मालकांनी कित्येक कुटुंबांना घराबाहेर काढलं. १९३४ मध्ये आर्कान्सॉ राज्यात काळ्या आणि गोऱ्या कुळांनी एकत्र येऊन संघटना काढली ती यातूनच. त्या काळी, त्या भागात हे दोघं एका खोलीत बसले, हेच नवल.

बरं, मालक सज्जन आहे असं धरू. तरी अनुदान एकरावर असेल तर खंड, म्हणजे कुळाने मालकाला द्यायचं जमिनीचं भाडं, वाढतो. समजा, एकरी १०० मिळतात आणि ते कसणाऱ्यालाच मिळतात. तीच जमीन मागणारा दुसरा म्हणतो, मी खंड ३० ने वाढवून देतो, तरी मला ७० उरतात. तिसरा ६० वर जातो. अशा चढाओढीत बराचसा हिस्सा मालकाकडे सरकतो, आणि खात्यात मात्र नाव कुळाचंच दिसत राहतं. खंड काही वर्षांसाठी ठरलेला असला तर तेवढा काळ कुळाला खरा फायदा होतो, करार संपला की पुन्हा तेच. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये धान्याच्या भावाबद्दल जे म्हटलं होतं, की भाव चढले की खंड चढतो, तेच इथे अनुदानाबाबत घडतं.

शिवाय एकरावर पैसे म्हणजे ज्याचे एकर जास्त त्याला जास्त. युरोपीय संघात वर्षानुवर्षं थेट मदतीचा सुमारे ८० टक्के वाटा २० टक्के लाभार्थ्यांकडे जात आला आहे. २०२३ पासून तिथे सदस्य देशांनी थेट मदतीचा किमान १० टक्के भाग लहान-मध्यम शेतांकडे वळवावा असा नियम आला, पण त्यातही सवलती आणि पळवाटा आहेतच.

मग अनुदान बंदच करावं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. न्यूझीलंडने १९८४ नंतर जवळजवळ सगळं बंद केलं. तिथे मेंढपाळांना हमी दराने पैसे मिळत आणि १९८२ मध्ये देशात ७ कोटी मेंढ्या झाल्या होत्या. पुढे त्या निम्म्याहून कमी झाल्या. शेती बुडाली नाही. भीती होती त्यामानाने फार थोड्यांना शेत विकून बाहेर पडावं लागलं, साधारण १ टक्का. पण जमिनीच्या किमती उतरल्या, कारण अनुदान त्या किमतीत मुरलेलं होतं. ज्यांनी तेजीत कर्ज काढून जमीन घेतली होती त्यांना फटका बसला आणि ज्यांनी त्यांना ती विकली होती ते आधीच पैसे घेऊन मोकळे झाले होते. म्हणून माझ्या मते बंद करायचंच असेल तर टप्प्याटप्प्याने, आणि कर्जाचा काहीतरी बंदोबस्त करून. द्यायचंच असेल तर एकरावर न देता माणशी द्यावं, वरची मर्यादा घालून. त्यात कागदोपत्री कुटुंबं फोडून दाखवायचा उद्योग सुरू होतो म्हणा, पण निदान खंड तरी त्यामुळे वाढत नाही.