लाल टोपी, पांढरा पट्टा आणि तुमची लेक

प्रश्न : मुलगी यंदा बारावीला आहे. मिलिटरी पोलिसातच जायचं म्हणते. तिची आजी म्हणते, मार्शल लॉवाल्यांत आपली पोर नको. मला वाटतं, सैन्यात जाऊनही ट्रॅफिकलाच उभं राहायचं, तर सोरेगावची एसआरपी (राज्य राखीव पोलीस दल) काय वाईट? – एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी आजींचं. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला आपले चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेले. ज्या घरात ही आठवण जिवंत आहे, तिथं अढी असणारच. पण तेव्हा लष्कराचा बडगा नागरिकांवर होता. मिलिटरी पोलिसांचा अधिकार लष्करातल्या माणसांपुरता, आणि तोही आखीव. १९५० च्या आर्मी ॲक्टप्रमाणे ते गुन्हा करणाऱ्या जवानाला ताब्यात घेऊ शकतात, पण स्वतःच्या अधिकारात एकही शिक्षा देऊ शकत नाहीत. हे आजींना जरूर वाचून दाखवा.

एसआरपी राज्य सरकारची, तिचं मुख्य काम नागरी बंदोबस्ताचं. दोन्ही नोकऱ्या मानाच्या, पण वाटा वेगळ्या.

आता ट्रॅफिक. रात्री दिवे मालवून गाड्यांचा ताफा निघालाय, पुढं फाटा आहे. तिथं उभ्या असलेल्या जवानानं चुकीचा हात दाखवला, तर तोफा एका वाटेला आणि दारूगोळा दुसऱ्या वाटेला जाईल. याच गरजेपोटी १९३९ मध्ये, महायुद्धाच्या तोंडावर, पहिलं प्रोव्होस्ट, म्हणजे लष्करी पोलिसांचं, युनिट उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर त्याच परंपरेतून आजची ‘कोअर ऑफ मिलिटरी पोलीस’ घडली. शिस्त, तपास, युद्धकैद्यांची व्यवस्था ही कामंही तिच्याकडेच. ब्रीद आहे ‘सेवा तथा सहायता’. याला चौकातली ड्यूटी म्हणून हिणवू नका.

जवान म्हणून मुलींना हे दार अलीकडेच उघडलं. ८३ जणींची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बंगळुरूहून बाहेर पडली. आता भरती अग्निवीर म्हणून होते. दहावीला एकूण ४५ टक्के, प्रत्येक विषयात ३३, उंची १६२ सें.मी. अशा अटी असतात. आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान. वयाची अट मात्र चालू जाहिरातीतच बघा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण अकॅडमीवाले ती पुटपुटत सांगतात. नेमणूक चार वर्षांची असते आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच कायम केलं जातं. तेव्हा बारावी नीट होऊ द्या, पदवीचं काय करायचं तेही आत्ताच ठरवा. हे गणित मांडून झाल्यावरही ती ‘जाणार’ म्हणाली, तर आडवे येऊ नका.

आता मैदानाची तयारी. १.६ किलोमीटर साडेसात मिनिटांपर्यंत धावून झालं तर पहिला गट, आठपर्यंत दुसरा. आपल्याकडचं ऊन बघता पहाटे पाचलाच मैदान गाठा. घड्याळ तुम्ही धरा, वहीत रोजची वेळ तिला लिहू द्या. तीन महिन्यांनी ती वही घेऊन दोघं या.