सांगलीत व्हेनियर बसवायचे आहेत, डॉक्टर दात किती घासतात?

व्हेनियर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचं पातळ कवच, त्यामुळे कॅपसाठी कोरतात तसा दात चहूबाजूंनी घासत नाहीत. पुढची बाजू हिरडीजवळ साधारण ०.३ आणि मधे ०.५ मिलिमीटर; दाताची चावायची धार कमी करायची असेल तर तिथे १ ते १.५. खोली चुकू नये म्हणून आधी ठरावीक मापाच्या बरने (ड्रिलच्या टोकाने) आडव्या चरी पाडतात, मग उरलेला भाग त्या पातळीला आणतात. सगळी धडपड इनॅमलमध्येच, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरातच राहण्याची. व्हेनियरची पकड तिथेच पक्की बसते. आत डेंटिनपर्यंत, म्हणजे त्याखालच्या मऊ थरापर्यंत गेलं की ती कमी होते आणि थंड-गरम झोंबतं. रंग मात्र घासण्याआधीच जुळवतात, कारण वाळलेला दात उगाच पांढरा दिसतो. मग माप लॅबला, तोवर तात्पुरतं कवच. विश्रामबागेत दाखवा नाहीतर मिरजेत, मॉक-अप (व्हेनियर कसे दिसतील याचा तात्पुरता नमुना) आधी मागाच. घासलेलं इनॅमल परत येत नाही. रात्री झोपेत दात खात असाल तर तेही सांगून टाका.