सेव्ह तर केलं, पण कुठं?

प्रश्न : मॅडम, सगळी ड्रॉइंग चालू प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच जावीत म्हणून मी ऑटोकॅडच्या ऑप्शन्समध्ये, फाइल्स टॅबवर ‘ऑटोमॅटिक सेव्ह फाइल लोकेशन’ बदललं. तरी नवीन ड्रॉइंग सेव्ह करायला गेलं की डायलॉग मागच्याच कुठल्यातरी कामाच्या फोल्डरमध्ये उघडतो. हे सेटिंग चालत नाही का?

उत्तर : चालतं, पण ते तुमच्या ड्रॉइंगसाठी नाहीच. ऑटोकॅड ठरावीक वेळाने आपल्या आपण जी प्रत काढून ठेवतं (ऑटोसेव्ह), फक्त तिची जागा तिथे ठरते. कंट्रोल-एस दाबल्यावर फाइल कुठे जाईल याच्याशी त्या ओळीचा काही संबंध नाही. वर्गात दर बॅचला कोणीतरी हेच सेटिंग बदलून बसतं, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही.

डायलॉग कोणता फोल्डर दाखवणार हे ‘रिमेंबरफोल्डर्स’ (REMEMBERFOLDERS) या व्हेरिएबलवर, म्हणजे नावाने बदलता येणाऱ्या एका सेटिंगवर ठरतं. कमांड लाइनवर नाव सलग टाइप करा, मध्ये जागा सोडू नका. त्याची मूळ किंमत 1 असते. 1 असताना प्रत्येक डायलॉग आपापला शेवटचा फोल्डर लक्षात ठेवतो. म्हणजे ओपनचा वेगळा, सेव्हचा वेगळा. म्हणूनच फाइल एका प्रोजेक्टमधून उघडली तरी नवीन ड्रॉइंग सेव्ह करताना दुसराच प्रोजेक्ट समोर येतो, आणि घाईत एंटर मारला की फाइल तिकडे जाऊन बसते.

किंमत 0 केलीत, तर ज्या शॉर्टकटवरून ऑटोकॅड उघडलं त्याच्या प्रॉपर्टीजमधला ‘स्टार्ट इन’ फोल्डर सगळे डायलॉग धरतात. याचा मी असा उपयोग करते : डेस्कटॉपवर ऑटोकॅडच्या शॉर्टकटच्या दोन-तीन प्रती करायच्या, प्रत्येकीला प्रोजेक्टचं नाव द्यायचं आणि ‘स्टार्ट इन’मध्ये त्या-त्या प्रोजेक्टचा फोल्डर लिहायचा. काम बदललं की प्रोग्रॅम बंद करून दुसऱ्या शॉर्टकटवरून उघडायचा. एवढा खटाटोप नको असेल, तर रोजचा फोल्डर डायलॉगच्या डावीकडच्या पट्टीत ओढून ठेवा. मग तो एका क्लिकवर येतो.

प्रश्न : सर्किट डायग्रॅम पेन ड्राइव्हवर ‘सेव्ह ॲज’ केला, मग त्यात काही बदल करून पेन ड्राइव्ह साइटवरच्या इंजिनिअरना दिला. पुन्हा कॉम्प्युटरवर उघडला, तर ते बदल गायब! सेव्ह केल्याचं मला पक्कं आठवतंय.

उत्तर : सेव्ह केलंत, पण पेन ड्राइव्हवरच्या फाइलमध्ये. ‘सेव्ह ॲज’ केल्यावर समोर उघडी राहते ती नवी फाइल, जुनी नाही. त्यापुढचे सगळे कंट्रोल-एस पेन ड्राइव्हवर जमा झाले. बदल त्याच फाइलमध्ये आहेत, तेव्हा आधी पेन ड्राइव्ह परत मागवा आणि तोवर त्यावर कोणी काही सेव्ह करणार नाही एवढं सांगून ठेवा. पुढच्या वेळी ड्रॉइंग बंद करा आणि फाइल एक्स्प्लोररमधून कॉपी करून द्या. आपण नक्की कुठल्या फाइलवर काम करतोय अशी शंका आली, तर ‘डीडब्ल्यूजीप्रीफिक्स’ (DWGPREFIX) टाइप करा, चालू ड्रॉइंगचा ड्राइव्ह आणि फोल्डर समोर येतो.

प्रश्न : फोल्डरमध्ये बॅक (.bak) फाइल्सचा नुसता पसारा होतो. त्या काढून टाकल्या तर चालेल ना? आणि ऑटोसेव्ह चालू असताना त्यांची गरज तरी काय?

उत्तर : काढू नका. दोन्हींचं काम वेगळं आहे.

बॅक म्हणजे तुम्ही स्वतः सेव्ह केलंत त्याच्या आधीची स्थिती. एक्स्टेन्शन बदलून डीडब्ल्यूजी केलं की ती सरळ उघडते. प्रत्येक सेव्हला ती नव्याने लिहिली जाते, हे मात्र ध्यानात ठेवा. ड्रॉइंगमधून काही महत्त्वाचं पुसून ते सेव्ह झाल्याचं लक्षात आलं, तर आणखी एकदा सेव्ह करू नका. तसं केलंत तर बॅकमध्येही पुसलेलीच आवृत्ती जाते आणि हातात काहीच उरत नाही.

ऑटोसेव्हच्या फाइलचं एक्स्टेन्शन एसव्ही-डॉलर (.sv$). ‘सेव्हटाइम’ मुळात 10 मिनिटांवर असतो, मी 5 वर आणते. ड्रॉइंग नीट बंद झालं की ही फाइल आपोआप पुसली जाते. ती उरते फक्त क्रॅश झाल्यावर किंवा वीज गेल्यावर. तेव्हा ‘ड्रॉइंगरिकव्हरी’ कमांड देऊन पाहा. तिथे दिसली नाही, तर फाइल शोधून तिचंही एक्स्टेन्शन डीडब्ल्यूजी करा. अडचण एवढीच, की मुळात तिची जागा विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये असते, आणि डिस्क साफ करणारे प्रोग्रॅम पहिला हात तिथेच मारतात. पहिल्या प्रश्नातलं ते सेटिंग खरं कामाला येतं ते इथे : ऑटोसेव्हला आपला स्वतंत्र फोल्डर द्या.

पसारा नको असेल, तर ‘मूव्हबॅक’ (MOVEBAK) कमांड देऊन एका फोल्डरचा पूर्ण पाथ द्या, सगळ्या बॅक फाइल्स तिकडे जातील. मी स्वतः हे वापरत नाही. दोन प्रोजेक्टमध्ये ‘प्लॅन’ नावाची एकेक फाइल असली, की त्या एकाच फोल्डरमध्ये एकीची बॅक दुसरीवर लिहिली जाते. फायलींची नावं प्रोजेक्ट नंबरसकट देत असाल तरच या वाटेला जा. पसारा डोळ्यांना टोचतो, पण वेळेला तोच हाताशी असतो.

प्रश्न : पूर्ण फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर कॉपी केला, तरी एक्सरेफ (ड्रॉइंगला जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंग फाइल्स) सापडत नाहीत असा मेसेज येतो. फाइल तर शेजारच्याच फोल्डरमध्ये दिसते.

उत्तर : ड्रॉइंग बरेच जुने असणार. ऑटोकॅड 2018 पासून एक्सरेफ जोडताना पाथ मुळात रिलेटिव्ह, म्हणजे मूळ ड्रॉइंगच्या फोल्डरपासून मोजलेला असतो, त्याआधी तो पूर्ण लिहिला जायचा, ड्राइव्हच्या अक्षरासकट. एक्सरेफ पॅलेटमध्ये फाइलवर राइट क्लिक करून ‘चेंज पाथ टाइप’मधून ‘मेक रिलेटिव्ह’ करा. हे मूळ कॉम्प्युटरवर, सगळे एक्सरेफ सापडत असताना करा आणि मगच फोल्डर कॉपी करा. मूळ ड्रॉइंग एका ड्राइव्हवर आणि एक्सरेफ दुसऱ्यावर असेल, तर मात्र रिलेटिव्ह पाथ होतच नाही. आधी दोन्ही एका ड्राइव्हवर आणा.

बाहेर पाठवायचं ड्रॉइंग असेल, तर फोल्डर हाताने गोळा करत बसू नका. ‘ईट्रान्समिट’ कमांड एक्सरेफ, इमेज, प्लॉट स्टाइल एका झिपमध्ये बांधून देते. फॉन्टही हवे असतील, तर ट्रान्समिटल सेटअपमधली खूण तपासून घ्या.