मोठ्या आघातानंतर देवावरचा विश्वास उडाला, तर तो परत बसतो का?

भाऊ अपघातात गेल्यापासून देवापुढे हात जोडावेसे वाटत नाहीत, यात माझं काही चुकतंय का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. आणि विश्वास परत बसण्याचं म्हणाल, तर माझा बसला नाही.

मी किल्लारीच्या पट्ट्यातला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजत आलेले. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. त्या पहाटेच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १० हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यात माझी आई आणि धाकटी बहीण. मी आणि वडील अंगणात बाजेवर होतो, म्हणून राहिलो.

देवाला शिव्या वगैरे मी घातल्या नाहीत. दहावं, तेरावं, सगळं रीतसर केलं. विश्वास उडाला तो भेटायला येणाऱ्यांचं ऐकून. "देवाची करणी", "पाप वाढलं होतं" हे या कानानं ऐकून त्या कानानं सोडता यायचं. पण "देवानंच वाचवलं रे तुला" हे काही केल्या पचेना. मग बहिणीला का नाही? आदल्या संध्याकाळी मोरया म्हणून घसा बसवून घेतला होता पोरीनं. असं विचारलं की समोरचा चहाचा कप उचलायचा.

घरं अशी का कोसळली, ते पुढे कळलं. आमच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, दगड नुसते चिखलात रचलेले, आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींत सांधलेली नाही. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. ते गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर पांढरी माती टाकायची, जुन्या थरावर नवा थर. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, पाट्या मीही वाहिल्या. तेवढं सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. हे समजलं तेव्हा खरं सांगतो, बरं वाटलं. आमच्यावर कुणी डूख धरून नव्हतं.

वडिलांचं उलटं झालं. त्यांनी त्यानंतर माळ घातली, वारी धरली. मी त्यांना कधी अडवलं नाही, त्यांनीही मला कधी चल म्हटलं नाही. घरात गणपती बसतो, आरतीला मी टाळ्या वाजवतो. बायकोला ठाऊक आहे.

एक मात्र करा. पहाटे दचकून जाग येत असेल, अपघात डोळ्यांपुढून हलत नसेल, तर त्यावर कुणी नवस-शांत सुचवेल. ते करायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा, पण मानसोपचाराच्या डॉक्टरांना आधी भेटा. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.