जंतू तर सगळ्यांच्याच अंगावर, मग माझ्याच लेकराला खाज का?

डॉक्टरताई, मुलगा चार वर्षांचा आहे. कोपराच्या लवणीत आणि गुडघ्यामागे इसब. रात्री रक्त निघेपर्यंत खाजवतो. जंतू वाढलेत म्हणे. जंतुनाशक साबणानं दिवसातून तीनदा आंघोळ घालते, तरी फरक नाही. माझं काय चुकतं?
– एक आई, दारव्हा

ताई, घाण राहिली म्हणून हे झालेलं नाही. इसबाच्या लेकरांची कातडी मुळातच कोरडी असते. काहींत फिलॅग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी बनतं. अशा कातडीवर स्टॅफिलोकोकस ऑरियस फोफावतो. एरवी हाच जंतू दहातल्या दोन-तीन जणांच्या नाकात गुपचूप राहतो. इसबावर मात्र त्याची विषं पेशींना चेतवतात आणि सूज येते. शिवाय 2023मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की त्याचं व्ही-8 हे एन्झाइम, म्हणजे प्रथिनं तोडणारा पदार्थ, मज्जातंतूला थेट चाळवतं. म्हणजे सूज नसतानाही खाज सुटू शकते. लेकरू खाजवतं, कातडी सोलते, जंतूचं आणखी फावतं.

निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, pH (आम्लता मोजायचं माप; सातच्या खाली आम्ल) पाचच्या आसपास. साध्या साबणाचा नऊ-दहा. तीनदा साबण लावून तुम्ही उरलेलं तेलही धुऊन काढताय. एकदाच, कोमट पाण्यानं, झटपट आंघोळ घाला. अंग टिपून घ्या आणि ओलसर असतानाच व्हॅसलीन चोपडा. नखं कापा. डॉक्टरांनी स्टिरॉइडचं मलम दिलं असेल तर भीतीपोटी अर्ध्यात सोडू नका. पिवळी खपली, पू किंवा ताप दिसला तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

वय 19. तोंडभर पुटकुळ्या. पाच वेळा तोंड धुतो. मेडिकलवाल्यानं गोरं करायची ट्यूब दिली. आठ दिवस चेहरा चकचकीत, आता दुप्पट फोड.
– एक विद्यार्थी, तिवसा

भाऊ, आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल यांपैकी काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. 2018पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, पण आपल्याकडे विचारतो कोण! ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा. सोडल्यावर काही दिवस चेहरा भडकू शकतो.

मूळ पुटकुळ्यांचं म्हणशील तर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस सगळ्यांच्याच केसांच्या मुळाशी असतो. वयात येताना तेल वाढतं, छिद्र बुजतं. आत हवा नसते. तिथं तो तेलाची स्निग्धाम्लं करतो आणि भोवती जळजळ सुरू होते. हे सगळं आत घडतं, वरून पाच वेळा घासून तिथवर काही पोचत नाही. दोनदा धू. रात्री 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम पातळ लाव. उशीला जुनी खोळ घाल, त्यानं कापडाचा रंग उडतो. फरक दिसायला दोन महिने धर.

कपाशी येचून येचून बोटं फाटली. घरात एकाले केसतोड झाला का दुसऱ्याले होतेच. टावेल एकच हाय. काय करा लागते?
– एक वाचक, आर्णी

टावेल वेगळे करा, निम्मं काम तिथंच होतं. ते गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. बोंडाच्या टोकांचे ओरखडे घरी येताच साबणानं धुवा; हात धुवायला साबण हवाच. फोड पिळू नका, नाकाजवळचा तर मुळीच नाही. वारंवार ज्याला होतात, त्याची साखर तपासून घ्या.